कोमोरोसला कोण जातं?

"चपला बाहेर!" मी ओरडले, पण तोवर तो आत आलाही होता. नुकत्याच पुसलेल्या पांढऱ्या फरशीवर दारापासून माझ्या टेबलापर्यंत लालभडक पावलं... लक्ष्मीची उमटावीत तशी, फक्त दहा नंबरची.

"सॉरी हां," म्हणत तो चपला काढायला परत दारापर्यंत गेला. म्हणजे पावलांची आणखी एक रांग!

माझं डोकंच फिरलं. रत्नागिरीत मारुती मंदिरच्या चौकाजवळ आमचं सहलींचं ऑफिस. मालक महिन्यातून दोनदा उगवणार, बाकी बुकिंगपासून फरशी पुसण्यापर्यंत सगळं या मनस्वी घवाळीच्या गळ्यात. आणि हा बाबा अनवाणी आला तर तळवेही लाल.

"चिरेखाणीतून थेट आलोय," तो ओशाळून म्हणाला. "पालीजवळ खाण आहे आमची. जांभ्याचा धुरळा... धुतला तरी जात नाही."

"दिसतंय ते. बसा. काश्मीर, केरळ की अष्टविनायक?"

"कोमोरोस."

"कुठे?"

"कोमोरोस. आफ्रिका आणि मादागास्करच्या मध्ये. समुद्रात तीन बेटं आहेत बघा..."

सहा वर्षांत मी माणसं दुबईला पाठवली, बालीला पाठवली, एका आजोबांना तर व्हीलचेअरवरून सिंगापूर दाखवून आणलं. पण हे नाव माझ्या बापजन्मात ऐकलेलं नव्हतं. मी गोड हसले आणि टेबलाखाली मोबाईलवर शोधायला लागले.

"वर घ्या मोबाईल, वर," तो म्हणाला. "मलाही आधी शोधावंच लागलं होतं."

मेल्याचे डोळे फार तीक्ष्ण होते. आणि... बरे होते. ते मी लगेच मान्य केलं नाही, एवढंच.

त्याचं नाव विनीत पाल्ये. पुढचे दोन महिने तो दर आठ दिवसांनी येत राहिला. कधी विमान कुठून बदलायचं ते विचारायला, कधी पिवळ्या तापाची लस मुंबईत कुठे मिळते ते विचारायला. ही कामं फोनवर होतात हे त्याला ठाऊक होतं. मलाही. पण मी दारात त्याच्यासाठी एक पायपुसणं आणून टाकलं.

"तिथे आहे तरी काय?" मी एकदा विचारलं.

"नारळ. फणस. लवंग, मासे. आणि एक फूल आहे, इलांग-इलांग. त्याचं अत्तर करतात. आपल्या हिरव्या चाफ्याच्या नात्यातलं."

"अहो, मग घरीच बसा की! हे सगळं पालीच्या बाजारात मिळतं."

"एक गोष्ट मिळत नाही." तो उठला. "रविवारी खाणीवर या. इथे बसून सांगितलं तर तुम्ही हसाल."

मी जाणार नव्हते. खरंच नव्हते. पण रविवारी सकाळी स्कूटर आपोआप पालीच्या रस्त्याला लागली, आता काय करणार?

खाण बंद होती. मशीन गप्प, कामगार घरी. चिरे कापत कापत जमीन चाळीस फूट खाली गेलेली, आणि चहूबाजूंना लाल भिंती, सुरीने कापल्यासारख्या सरळ. आम्ही पायऱ्या पायऱ्यांनी तळाशी उतरलो. वरचा वारा तिथे पोचत नव्हता. एका कोपऱ्यात जांभा संपून काळाकभिन्न कातळ उघडा पडला होता.

"हात ठेवा," तो म्हणाला.

मी ठेवला. गार होता.

"हा वाहत होता," विनीत हळूच म्हणाला. "साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. आत्ता आपण उभे आहोत ना, इथे सगळं लाल, रटरटणारं... इथून तिकडे सह्याद्रीपर्यंत, त्याच्याही पलीकडे. मग तो निवला. मग लाखो पावसाळे त्याच्यावर पडले, वरचा थर गंजला आणि त्याचा जांभा झाला. माझ्या आज्याने तो कापला, बापाने कापला, मी कापतो. तुमचं घरही त्याचंच असेल."

होतं. माझं घर, शाळा, विहीर, सगळं जांभ्याचंच होतं.

"कोमोरोसला कार्थाला नावाचा डोंगर आहे. तो अजून जिवंत आहे. दिवसभर चढायचं आणि त्याच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. कालपरवाचा दगड, अजून कोवळा. आपली जमीन जन्मली तेव्हा कशी दिसत असेल, ते मला एकदा बघायचंय. बस."

मी वर बघितलं. त्या लाल भिंतींच्या वर आभाळाचा एक चौकोन होता, आणि त्यात एक घार फिरत होती. साडेसहा कोटी! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. रोज ज्याच्यावर मी शेण सारवलं, कपडे वाळत घातले, ठेच लागली म्हणून ज्याला शिव्या घातल्या, तो दगड... मला पाय टेकवायचीसुद्धा भीती वाटायला लागली. मी हळूच चपला काढून हातात घेतल्या.

"हसला नाहीत," तो म्हणाला.

"तू चेष्टा करशील म्हणून दाबून धरलंय," मी म्हणाले. आणि मग दोघांच्याही लक्षात आलं, की मी 'तू' म्हणाले होते.

"पावसात खाणी बंद असतात," तो बुटाच्या टोकाने माती उकरत म्हणाला. "तूही तेव्हा ऑफिसात माशा मारतेस. आणि तिथे नेमका तेव्हाच उघाडीचा हंगाम असतो. मनस्वी... चल ना तूही. एवढं मोठं काही एकट्याने बघितलं, तर सांगायचं कुणाला?"

मी 'बघू' म्हणाले. आमच्याकडे 'बघू'चे फार अर्थ होतात. हा त्यातला सगळ्यात घाबरट होता.

कारण घरी बाबा होते. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली, रत्नागिरी ते कोल्हापूर आणि परत, आणि एखादी संध्याकाळ घराबाहेर काढायची वेळ आली तर ते ड्यूटी बदलून घ्यायचे. त्यांना मी बिचकत बिचकत सगळं सांगितलं. म्हणजे देशाबद्दल सगळं. विनीतबद्दल फक्त 'ओळखीचे एक गृहस्थ'.

"नारळ, फणस नि मासे बघायला समुद्रापलीकडे?" बाबा म्हणाले. "कोमोरोसला कोण जातं? आपल्यातलं कुणी गेलंय कधी?"

"म्हणूनच तर—"

"तुझ्या मनात काय आहे?"

काय सांगणार? डोंगर मनात बसला होता, आणि डोंगर दाखवणाराही. पण बाबांना एकटं सोडायचं, लोकांनी काय काय बोलायचं... मी खाली मान घालून बसले. मला जायचंय हे त्यांच्या तोंडावर म्हणायचं धाडसच होईना.

"ठीक आहे," बाबा शेवटी म्हणाले. "नवलाईला कौल लावू. आणि त्या गृहस्थांनाही बोलाव. ज्याच्या डोक्यातून निघालंय, त्याने समोर उभं राहावं."

आमच्या गावात घर बांधायचं असो की विहीर खणायची, ग्रामदेवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. सदूकाका गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाची एकेक पाकळी चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. मग त्यावर चर्चा नाही.

रविवारी सकाळी आम्ही गाभाऱ्यासमोर उभे राहिलो. विनीतने इस्त्रीचा सदरा घातला होता. तळवे तरीही लालच. सदूकाकांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले.

"बाय माझे नवलाई, ही तुझी लेक फिरायला परदेशात जायचं म्हणते. जाऊ दे का नको, काय ते सांग—"

मी देवीकडे बघत होते. मूर्ती कसली, काळी शिळाच ती, नुसते चांदीचे डोळे लावलेले. त्या खाणीच्या तळाशी होता तोच कातळ. म्हणजे ही देवीसुद्धा कधीकाळी वाहत होती... लाल, रटरटणारी! आणि आज इथे शांत बसून आमची गाऱ्हाणी ऐकते आहे. माझे डोळे भरून आले. हिच्यासमोर मी अर्धंच सांगणार?

सदूकाका मध्येच थांबले होते. "काय गो बाय? काय राहिलं असेल तर बोल. देवीसमोर मोघम चालत नाही. मोघम विचारशील तर मोघम सांगेल."

"फिरायला नाही, काका." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मला विनीतबरोबर जायचंय. तो डोंगर मला बघायचाय, पण याच्याबरोबरच बघायचाय. याच्यावर माझं प्रेम आहे. असं विचारा."

गाभाऱ्यात समईची वात तेवढी चुरचुरली. सदूकाकांनी माझे शब्द जसेच्या तसे देवीला सांगितले, एकही न गाळता! बाबा बाहेर जाऊन पायरीवर बसले.

पाकळ्या काही हलेनात. दहा मिनिटं. वीस मिनिटं. इतक्यात सदूकाकांचा फोन वाजला, मुंबईहून त्यांच्या लेकाचा. देवळात आवाज तुटतो.

"मी आलोच. पाकळीवरची नजर काढू नको हां बाय," असं बजावून ते बाहेर पळाले.

राहिलो आम्ही दोघं.

"मघाशी काय म्हणालीस?" विनीत कुजबुजला.

"ऐकलं नाहीस?"

"परत ऐकायचंय."

"गप. पाकळीकडे बघ."

"बघतोय."

"खोटं! माझ्याकडे बघतोयस."

"...तुला कसं कळलं?"

मी कपाळापर्यंत तापले. तो हसत नव्हता. खाणीच्या तळाशी त्या काळ्या कातळाकडे बघत होता ना, अगदी तसा बघत होता... आणि मला वाटलं, आता हे असंच राहावं. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"पडला काय गो कौल?" सदूकाका आत आले.

आम्ही दचकून वळलो. दोन्ही खांदे मोकळे. दोन्ही पाकळ्या खाली फरशीवर.

"कुठची आधी पडली?"

विनीतने माझ्याकडे बघितलं. मी विनीतकडे.

"मेल्यानो!" सदूकाका कडाडले. "पन्नास वर्षं कौल लावतोय, नि बघायला बसवलेल्यांनीच बघितला नाही?"

बाबा आत आले होते. "सदू, परत लावूया."

"एका प्रश्नाला दोनदा लावत नाहीत, भाऊ. पडला तो पडला. आता तुमचं तुम्ही ठरवा."

बाबांनी त्या पाकळ्या उचलून देवीच्या पायाशी ठेवल्या आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"जाशील ती परत येशील ना गो?"

"येईन, बाबा." मी त्यांचा हात घट्ट धरला.

"हं." त्यांनी नाक ओढलं, विनीतला वरपासून लाल तळव्यांपर्यंत एकदा न्याहाळलं. "मग आधी लग्न, की आधी डोंगर?"

"लग्न," विनीत म्हणाला.

"डोंगर," मी म्हणाले. दोघं एकदमच.

सदूकाकांना ठसका लागला. बाबांनी विनीतच्या खांद्यावर हात ठेवला. "बघ बाबा. अजून वेळ आहे. विचार कर."

विनीत जराही हसला नाही. माझ्याकडे बघत, देवीसमोर उभं राहून बोलावं तशा आवाजात म्हणाला, "डोंगर आधी, काका. ही म्हणते तर डोंगर आधी."