बारा नंबरची हजेरी

शाळेचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं, आणि तिचा सगळा सकाळचा कारभार त्या सात मिनिटांच्या भरवशावर चालायचा. केस विंचरणं, डबा भरणं, आईची बोलणी खाणं... सगळं त्यातच. त्यामुळे एका धुकट सकाळी ती नेहमीसारखी धावत फाटकातून आत शिरली आणि शिक्षकांच्या मस्टरवर तिच्या नावापुढे चार वर्षांतली उशिराची पहिली लाल खूण दिसली, तेव्हा तिचं डोकंच फिरलं. इतिहासाचा तास सुरू व्हायला अवकाश होता. ती तडक घड्याळाच्या मनोऱ्याचा जिना चढून गेली.

वर तबकडीच्या मागे एक तरुण बाह्या सरसावून बसला होता. नाकावर तेलाचा डाग होता.

"घड्याळ कुणी पुढे केलं?"

"पुढे नाही, बरोबर केलं. कामच आहे माझं."

"आमची शाळा सव्वाशे वर्षांची आहे. इथे काही बदलायचं तर आधी विचारावं लागतं."

"बरं... मग आता विचारतो. उद्याही याल का भांडायला?"

तिला हसू आवरेना. एवढा जिना चढून आणलेला राग कुठे गेला, तिचं तिलाच कळलं नाही.

मग मधल्या सुट्टीत ती रोज वर जाऊ लागली. तबकडीच्या काचेतून दुधी उजेड झिरपायचा, चाकं संथपणे फिरायची, आणि अर्धा तास कसा सरला ते घड्याळाच्या पोटात बसूनही दोघांना कळायचं नाही. डब्याला एक कप्पा वाढला. "मुली, भूक बरीच वाढली हं तुझी," आई एवढंच म्हणाली.

एकदा तिने त्याला स्थापनादिनाची प्रथा सांगितली. "पहिल्या वर्गाची हजेरी घेतो आम्ही. सगळ्यात नवीन शिक्षकाने नंबर पुकारायचा, म्हणजे अजून मीच. त्या वर्गातलं आज कुणीच नाही, म्हणून आताची मुलं त्यांच्या वतीने 'हजर' म्हणतात. फक्त बारा नंबरला सगळे गप्प राहतात."

"का?"

"त्याचं नाव घातलं होतं, बाकावर जागा ठेवली होती... पण तो आलाच नाही."

"मग खोडायचं की."

"छे! आमच्याकडे नाव खोडत नाहीत. दरवर्षी पुकारतो, थोडं थांबतो, मग पुढे जातो."

तो हातातलं चाक बराच वेळ पुसत राहिला. "मी सात शाळा बदलल्या. वडील घड्याळं दुरुस्त करत गावोगाव फिरायचे. माझं नाव सगळीकडून कमी झालं... वाट कुणी पाहिली नाही." मग खाली बघत म्हणाला, "काम संपलंय. तुमच्या स्थापनादिनाला सकाळी अकराची गाडी आहे."

थांबा ना... तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "वेळेवर निघा मग." जिना उतरताना तिने स्वतःला पोटभर शिव्या घातल्या. तो तिला हवा होता, आणि तो चालला होता.

स्थापनादिनाला सभागृह गच्च भरलं होतं. उंच खिडक्यांतून कोवळं ऊन मुलांच्या डोक्यांवर उतरलं होतं. जुनं हजेरीपुस्तक तिच्या हातात होतं.

"अकरा."

"हजर!" एक चिमुकला आवाज आला.

"बारा."

शांतता. थोडं थांबून पुढे जायचं, पण तिला तेरा म्हणवेना. तेवढ्यात मनोऱ्यात अकराचे ठोके पडू लागले. गाडी सुटली असेल... तिचे डोळे भरून आले आणि पानावरचं काही दिसेना.

"हजर."

आवाज मागच्या दारातून आला. सगळ्या माना वळल्या. दारात तो उभा होता, हातात पिशवी, नाकावर तेलाचा डाग.

मोठ्या बाईंनी चष्मा सावरला. "कोण आहे?"

"बारा नंबर," तो चाचरत म्हणाला. "जरा... उशीर झाला."

"जरा?" मोठ्या बाई म्हणाल्या. "लाल शाईने लावा हो याची हजेरी."

सभागृह हसण्यात बुडालं. तिने बारा नंबरपुढे लाल खूण केली.

नंतर व्हरांड्यात तिने विचारलं, "गाडी?"

"अकराला गेली. माझ्या डोळ्यांसमोर."

"पण अकराचे ठोके पडले तेव्हा तर तुम्ही इथे दारात..."

"घड्याळ सात मिनिटं मागे आहे." तो ओशाळून हसला. "सकाळी पुन्हा मागे केलं. तुम्हाला विचारलं नाही... तुमचे केस विंचरायचे राहतात ना. आणि मला इथेच राहायचंय. तुमच्याजवळ."

तिने पदराने त्याच्या नाकावरचा डाग पुसला.

"बघा हं," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडे नाव खोडत नाहीत."

"म्हणून तर आलो."