आतला एकजण

देवयानीला त्या दुपारी नुसती आवराआवर करायची होती. डेटाबेसची नवी आवृत्ती संध्याकाळी द्यायची होती, आणि कुठल्या भागाला काय लागतं ते सांगणाऱ्या हेडर फाइलींत वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला. हे वेळेत झालं तर घरूनच काम. नाही तर पुण्याच्या ऑफिसात परत. मग अर्धांगवायूने आडव्या झालेल्या आईकडे सोलापुरात कोण बघणार? रात्रीची झोप कधीच उडाली होती. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

बाहेर मे महिन्याचं ऊन. खिडक्या लावून खोलीत अंधार केलेला, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आणि शेजारच्या यंत्रमागांची खडखड.

शेवटची फाइल ऑफिसातल्या जुन्या मडिवाळप्पा सरांची निघाली. सर होळीच्या सुमारास तिथल्या खुर्चीतच वारले. घर असं त्यांना नव्हतंच. ती फाइल आता कुणीच वापरत नव्हतं. वर त्यांनी लिहून ठेवलेलं, ‘राहू द्या.’ देवयानीला वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायला सवड कुठे होती? तिने फाइल काढून टाकली आणि चाचणी लावली.

चाचणीच्या शेवटी डेटाबेस बंदच होईना. पडद्यावर आलं : आत एकजण आहे.

तिने पुण्याला अनिमेषला, बरोबर काम करणाऱ्या मित्राला, फोन लावला.

“आत कोण बसलंय रे?”

“कुणी नाही. सगळे बाहेर पडलेत.”

“मला एक दिसतोय की... नाव नाही त्याला.”

“अगं, काहीतरी अडकलं असेल. जबरदस्तीने काढ बाहेर. उशीर होतोय.”

तिने काढलं. डेटाबेस मुकाट बंद झाला. तेवढ्यात माग थांबले, कूलर थांबला. वीज गेली होती. उन्हाळ्यात त्याचं काय नवल! पण त्या शांततेत आतल्या खोलीतून आईचा आवाज आला.

“कुणाला हाकललंस गं?”

“कुणाला न्हाय... का?”

“उन्हातनं आलेत. घामानं भिजलेत बिचारे. बसू दे की जरा...”

देवयानी दाराशी गेली. तापलेल्या मातीचा, घामाचा वास येत होता. खोलीत आईशिवाय कुणी नव्हतं. आईच्या पायथ्याशी मात्र गादी दबली होती, आणि हळूहळू आणखी दबत होती. आपण दमलोय, भास होतोय, असं स्वतःला बजावत ती मागे फिरली आणि फोनच्या नेटवरून तिने काम पाठवून दिलं.

संध्याकाळी निरोप आला : छान झालं, यापुढे घरूनच काम करा. तिला रडूच कोसळलं.

“आई, मी आता कुठं जात न्हाय. हितंच राहणार.”

आई हसली. पण बघत होती पायथ्याकडे.

“बरं झालं की. हे बी तेच म्हणत्यात.”