सात नंबरची घंटा

"श्वास रोखा! आणखी एकच मिनिट!" वकील कुजबुजला.

"श्वास रोखून मिनिटभर बसलो तर भुताआधी आपणच जाऊ," चौकशी म्हणाली.

जिन्याखाली तिघं अंग चोरून बसली होती. चौकशीचं खरं नाव घरातसुद्धा कुणी घेत नसे. दिवसाला शंभर प्रश्न विचारणाऱ्या मुलीला दुसरं म्हणणार तरी काय? वकील तिचा मावसभाऊ, हरलेला वाद उकरून पुन्हा हरण्यात पटाईत. आणि तिचा धाकटा भाऊ शेपूट, कारण ही दोघं जातील तिथे तो मागे. सुटीत तिघंही आजीकडे राहायला आली होती.

समोर मॅनेजरकाकांच्या टेबलामागे एक लाकडी फळा होता. त्यावर बारा दिवे, प्रत्येक दिव्याखाली आकड्याची पितळी पट्टी आणि सगळ्यांच्या वर एक घंटा. या इमारतीत बारा खोल्या होत्या आणि एकेका खोलीत एकेक एकटं म्हातारं माणूस. प्रत्येकाच्या बाथरूममध्ये एक लाल दोरी लोंबत असे. पाय घसरला, चक्कर आली, की ती ओढायची. खाली घंटा वाजे, दिवा लागे आणि मॅनेजरकाका वर धावत.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली.

ट्रिंग!

दिवा लागला सात नंबरचा. शेपटानं चौकशीचा हात घट्ट धरला. सात नंबरच्या खोलीत कुणी राहतच नव्हतं! तिथल्या शिवणआजी दोन महिन्यांपूर्वी वारल्या होत्या आणि तेव्हापासून दाराला कुलूप होतं.

मॅनेजरकाका वर धावले नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, फडकं काढलं आणि घंटेत कोंबलं. मग सात नंबरच्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवून टाकली.

"काका, बघायला नाही जाणार?" चौकशी जिन्याखालून बाहेर आली.

काका दचकून टेबलावर आपटले. "तुम्ही इथे? अगं, वायरीत ओल गेलीय, दुसरं काही नाही! जा, खेळा जा!"

"ओल रोज चार दहालाच कशी जाते?"

काकांनी वर्तमानपत्र उघडलं, तेही उलटं.

सहा नंबरच्या खोलीत आजी खिडकीशी बसली होती. चौकशी हात धुवायला बाथरूममध्ये गेली आणि थबकली. आजीची लाल दोरी गुंडाळून पार वर, हात पोचणार नाही अशा खिळ्याला बांधलेली होती.

"आजी, हे काय? पडलीस तर?"

आजीनं मागे न वळता भिंतीपलीकडच्या सात नंबरकडे बोट केलं. "ओढली आणि तीच आली तर?" ती हळूच म्हणाली. "गेली त्या दुपारी तिनं दोरी ओढली होती गं. खाली घंटा वाजली आणि इथे भिंतीपलीकडे माझा डोळा लागला होता. मी उठलेच नाही. आता ती रोज बोलावते मला."

जिला कशाचीच भीती वाटत नसे अशी तिची आजी भिंतीकडे पाठ करून बसली होती. आणि सुटी संपल्यावर दोरी अशी वर बांधून ही एकटी राहणार? चौकशीनं तिथल्या तिथे ठरवलं, उद्या चार दहाला सात नंबरच्या खोलीत उभं राहायचं.

चावी मिळायला अडचण नव्हती. कचेरीत चाव्या ठेवायच्या नाहीत, हा इथल्या म्हाताऱ्यांचा जुना हट्ट. प्रत्येकानं आपली दुसरी चावी इमारतीतल्याच एका विश्वासातल्या माणसाकडे द्यायची. शिवणआजींची चावी आजीकडेच होती. ती देताना आजी म्हणाली, "मीही येते. मला पळता येत नाही, पण माफी मागता येते."

दुसऱ्या दिवशी शेपूट खाली फळ्यापाशी थांबला. काका पोस्टात गेले होते. दिव्यावरची काळी पट्टी शेपटानं सोलून काढली, पण फडकं घंटेतच होतं. वर सात नंबरचं दार करकरलं. आत मशीनच्या तेलाचा वास अजून होता. मशीनवर अर्धा शिवलेला फ्रॉक, सुई कापडात रुतलेली, जणू बाई आत्ता चहा ठेवायला उठल्यात! खुर्चीवरची उशी अजून बसलेल्या माणसाच्या आकारात दबलेली होती. तिच्याकडे बघायचं वकिलानं टाळलं.

"मी घाबरलो नाही," तो म्हणाला. "फक्त पाय थंड पडलेत."

चौकशी बाथरूमच्या दारात उभी राहिली. लाल दोरीवर धूळ बसली होती. चार दहा झाले. दोरी हलली नाही. तेवढ्यात जिन्यातून शेपटाची किंकाळी आली, "ताई! दिवा लागला! मी फडकं काढलं!"

आणि खालून घंटा घणघणली. ट्रिंग! डोळ्यांसमोर दोरी सरळ, स्तब्ध. ट्रिंग! दोरीवरची धूळसुद्धा उडाली नाही. आजीनं डोळे मिटून हात जोडले.

"चला इथून!" वकिलाचा आवाज फाटला.

"थांब!" चौकशीनं दोरीवरची नजर काढली नाही. "रोज एकदाच वाजते. आज सारखी का वाजतेय? आणि ही दोरी हलत नाही, म्हणजे दुसरी कुठली तरी हलतेय! आजी, शिवणआजी वेळेच्या पक्क्या होत्या का गं?"

"ती?" आजीनं डोळे उघडले. "आठवड्याचा वायदा केला की महिन्यानं कपडे द्यायची! जन्मात कधी वेळेवर आली नाही!"

"मग मेल्यावर वक्तशीर कशी होईल? रोज चार दहा! इथे घड्याळासारखं कोण वागतं?"

आजी आणि चौकशी एकदमच म्हणाल्या, "घड्याळवाले आजोबा!"

अकरा नंबरमधल्या घड्याळवाल्या आजोबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. दोन्ही कानांनी ठार बहिरे. चारच्या ठोक्याला आंघोळ, दहा मिनिटांत बाहेर.

"पण दार बंद असेल! त्यांची चावी कुणाकडे?" वकील ओरडला.

आजीचा चेहरा बदलला. तिनं मशीनमागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे खिळ्याला एक चावी लटकत होती आणि तिला खूण म्हणून घड्याळाचा काटा बांधलेला होता. "हिच्याकडेच! ही गेल्यावर कुणाला आठवलंच नाही."

वकिलानं चावी ओढली आणि भीती विसरून सगळ्यांच्या पुढे धावला.

आजोबा ओल्या फरशीवर कुशीवर पडले होते. ओठ निळे, अंगावर नुसता टॉवेल, आणि लाल दोरीचं टोक मुठीत घट्ट. मुलांना बघून ते क्षीण आवाजात म्हणाले, "अकरा वेळा ओढली. मोजली मी. तुमची घंटा फार मागे पडते!"

"हलवू नका त्यांना!" आजी मागून धापा टाकत आली. "पांघरूण आणा! वकिला, खाली पळ, डॉक्टरांना फोन लाव!" ती भिंतीला धरत खाली फरशीवर बसली आणि त्यांचा हात हातात घेऊन त्यांना ऐकू येणार नाही हे माहीत असूनही बोलत राहिली. अँब्युलन्स येईपर्यंत ती तिथून उठली नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. थंड फरशीवर आणखी तासभर गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मग चौकशीनं मॅनेजरकाकांसमोर एकेक दोरी ओढून पाहिली. अकरा ओढली की दिवा सातचा! सात ओढली की अकराचा! गेल्या महिन्यात फळ्याला रंग देताना पितळी पट्ट्या काढल्या होत्या आणि पुन्हा बसवताना सात आणि अकराच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली होती. लावल्यावर एकदाही कुणी दोरी ओढून पाहिली नव्हती. आणि रोजची चार दहा? त्याच सुमारास आजोबांच्या बाथरूममधली खुंटी निघून पडली होती आणि तेव्हापासून ते आंघोळ झाली की ओला टॉवेल त्या दोरीवरच वाळत घालत. घंटा त्यांना कधी ऐकूच आली नाही.

"मी वर जाऊन सगळी दारं ठोठावायला हवी होती," काका मान खाली घालून म्हणाले. "भुताला भ्यालो आणि जिवंत माणसाची हाक फडक्यानं बंद केली. पोरांनो, तुम्ही होतात म्हणून!"

"शाबास, पोरांनो!" आजी म्हणाली आणि काकांकडे वळली. "आणि तुम्ही, तो टॉवेल टांगायला त्यांना आधी एक खुंटी ठोकून द्या!"

सुटीच्या शेवटच्या दिवशी पट्ट्या नीट बसल्या होत्या. दर रविवारी सगळ्या दोऱ्या ओढून बघायच्या, असं ठरलं होतं. आजीनं खुर्चीवर वकिलाला चढवून आपली दोरी खिळ्यावरून सोडवून घेतली.

"सात नंबरचीही ओढून बघ," तिनं चौकशीला सांगितलं.

"तिथे तर कुणीच नाही, आजी."

"तरी ओढ."

चौकशीनं सात नंबरमध्ये जाऊन ती धुळीची दोरी ओढली. खाली घंटा वाजली. "सातचाच लागला!" शेपूट ओरडला.

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. काठी टेकत आजी बाहेर आली, सात नंबरच्या दारात उभी राहिली आणि मशीनकडे बघत म्हणाली, "आले गं."