पंडितच्या नावाची घागर

विठ्ठलाची शपथ घेऊन सांगतो, यात पदरचं एक अक्षर नाही. माझी आत्या भिकुबाई तिथे हजर होती. कीर्तनात डोळे पुसणारी बाई ती, खोटं बोलणारी नव्हे.

१९९२ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. धरणगावच्या कडेचा नाला.

रात्र नव्हती... भर दुपार होती.

त्याआधी तो नाला म्हणजे नुसता उकिरडा झाला होता. तोताराम महाराजांनी रंगलेलं कीर्तन थांबवून विचारलं, "नाला देवाने दिला. गटार कोणी केलं रे?" सगळ्यांच्या माना खाली. दुसऱ्या दिवशी अख्खी आळी फावडी घेऊन उतरली. कचरा उपसला, वेड्या बाभळी काढल्या, काठाला उंबर-करंज लावले.

आत्याच्या शेजारची झुंबरबाईही गाळाच्या पाट्या वाहायची. आत्या चिडवायची, "अक्का, तू बस वं. तुना गुडघा टाळपेक्षा मोठा वाजतस!"

"वाजू दे. माना पोर्‍या येई तवय त्याले चांगलं पानी दिखाले पाहिजे."

पोरगा म्हणजे एकुलता पंडित. सुरतेला काम शोधतो म्हणाला, हाच नाला ओलांडून एसटी स्टँडकडे गेला. तो गेलाच. ना चिठ्ठी, ना निरोप. लोक कुजबुजत. ती म्हणे, "माना पोर्‍या सुरतमा शे."

गाळ निघाला. झरा फुटला. पाणी आलं.

पण बेडूक एकही ओरडेना...

बगळे काठावर येत, पाण्यात पाय घालत नसत.

आमच्याकडे वारलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला मातीची घागर भरतात. ज्याच्या नावाची भरली, तो गेला हे घराने मानलं. झुंबरबाई दरवर्षी एकच भरायची, नवऱ्याची, धनसिंगची. त्या दिवशीही ती भरून तिने काठावर ठेवली.

आणि मागून आवाज आला...

"माय... तिस लागनी..."

तहान लागल्याची ती हाक ऐकून झुंबरबाईने वळून पाहिलं. नुसतं पाणी.

"भिकू, तुले ऐकू येस का?"

"कोनी नही, अक्का. ऊन शे. घर चाल."

"माय... तिस लागनी..."

आत्याला काहीच ऐकू येत नव्हतं. तरी ती हळूच म्हणाली, "अक्का, त्यानं नाव ली टाक ना. भर एक."

झुंबरबाईने घरून रिकामी घागर आणली, पाण्यात उतरली, आणि तिथेच थिजली.

भरली, तर लेक गेला.

नाही भरली, तर लेक तहानलेला.

घागर तिने छातीशी धरली होती. पाण्याला टेकवलीच नव्हती.

पण घागर जड होत होती...

तोंडाशी पाणी डुचमळलं.

"मी नही भरी वं! भिकू, मी नही भरी!"

आत्याने ओढून तिला बाहेर काढलं. ती घागर झुंबरबाईला घरात नेववेना, ओतूनही टाकवेना. शेवटी दाराबाहेर ठेवली. दोघी रात्रभर उंबऱ्यात बसून नाम घेत राहिल्या.

पहाटे घागर रिकामी होती. तडा नाही. खालची माती कोरडी.

झुंबरबाईने आत हात घालून पाहिला. मग आत्याकडे बघितलं.

"त्यानी पानी पिधं का वं?"