खंड्याला मोजता येत नाही

"तुम्हाला थोडा वेळ आहे का? माझ्याबरोबर त्या तंबूपर्यंत यायचं, आणि मग निघून जायचं."

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने सायकलवरून एक पाय खाली टेकवला. ओढ्याकाठच्या या पायवाटेने तो रोज कामावर जायचा, पण इतक्या सकाळी तिथे कधी कुणी भेटलं नव्हतं. समोर एक बाई उभी होती. खांद्यावर कॅमेऱ्याची जड पिशवी, चपला चिखलाने भरलेल्या. मागे पाण्याजवळ हिरव्या कापडाचा एक बुटका तंबू होता.

"एवढंच?"

"एवढंच. पण जायचं ते नक्की. रेंगाळायचं नाही."

आजवर दोघी-तिघींनी त्याला निघून जायला सांगितलं होतं. त्यासाठी आधी बोलावून घेणारी मात्र हीच पहिली.

चालता चालता तिने सांगितलं... ओढ्यावर खंड्याची जोडी आहे. तिला त्यांचा फोटो हवाय. पण नर पलीकडच्या झाडावरून सगळं बघत असतो. ती एकटी आत शिरली की आत माणूस आहे हे त्याला कळतं, आणि मग तो फिरकत नाही. दोघं आत जाऊन एक बाहेर पडला, की त्याला वाटतं तंबू रिकामा झाला.

"दोनातून एक गेला तर एक उरतो, एवढंही त्याला कळत नाही?"

"त्याला मोजता येत नाही."

"आमच्या लिफ्टमध्ये सहा माणसांची पाटी असते, तरी दहा जण शिरतात. मोजता न येणारे मी रोज बघतो."

ती हसली. दोघं वाकून आत शिरले, आत जेमतेम दोघं मावत होते. तिने कॅमेरा लावला आणि हातानेच खूण केली – निघा. तो बाहेर पडला, मुद्दाम जोरात पावलं वाजवत रस्त्यापर्यंत गेला. मागून एक बारीक शिटी ऐकू आली. निळं काहीतरी पाण्यावरून सरळ रेषेत गेलं.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याही आधी येऊन उभा होता.

"मी आज बोलावलं नव्हतं," ती म्हणाली.

"मी कुठे म्हणालो बोलावलं म्हणून. मी निघून जायला आलोय."

मग ते रोजचंच झालं. रस्त्यापासून तंबूपर्यंतची वाट काही फार लांब नव्हती, पण दोघंही सावकाश चालायचे. ती दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायची, त्यामुळे माणूस भेटला की आधी तोंडाकडे बघायची सवय. "तुमचा पुढचा एक दात थोडा वाकडा आहे," ती एकदा म्हणाली. त्याने लगेच ओठ मिटले. "अहो, तसाच राहू द्या. सरळ दात दिवसभर बघतेच की मी."

तिने त्याला नर-मादी ओळखायला शिकवलं. मादीची खालची चोच तांबूस, नराची सगळी काळी. आणि मासा. स्वतः खायचा असेल तर खंड्या माशाचं डोकं आपल्या घशाकडे धरतो. दुसऱ्याला द्यायचा असेल तर डोकं बाहेर, म्हणजे घेणाऱ्याला गिळायला सोपं जातं.

"नर मादीला असा मासा देतो. ती घेते, किंवा घेत नाही. घेतला की जोडी जमली. मला तेवढा एकच फोटो हवाय."

"आणि मिळाला की?"

"मग ती अंडी घालेल. त्यानंतर इथे थांबणं बरं नाही. तंबू काढायचा आणि घरी जायचं."

त्या दिवशी निघताना त्याची पावलं फारशी वाजली नाहीत.

"माझ्या आधी तुम्हाला सोडायला कोण यायचं?" त्याने एका सकाळी विचारलं.

"नवरा." ती तंबूचा दोर घट्ट करत होती. "तीन वर्षं झाली. ताप आला आणि आठवड्यात गेला."

"त्यांना आवड होती का पक्ष्यांची?"

"छे. त्याला कावळा आणि कोकीळ सारखेच. मला आत बसवायचा, आणि जायचा." तिने दोराला गाठ मारली. "गेल्या दोन हंगामांत मी आलेच नाही. कुणाला सांगणार, की माझ्याबरोबर या आणि निघून जा?"

घरी त्याची मोठी बहीण होती. तो तिच्याकडेच राहायचा आणि तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"तुला उठवायला मला तुझं पांघरूण ओढायला लागायचं. आता माझ्याआधी उठून दाढी करतोस. कोण आहे?"

"ताई, मी फक्त तिला तंबूपर्यंत सोडतो."

"सोडायला जातोस, आणि चेहरा असा की जणू घेऊनच आलास. बोललास का तिच्याशी?"

"फोटो मिळू दे, मग बोलतो."

"शहाणा आहेस. फोटो मिळाल्यावर ती तिथे येईल कशाला?"

तो जेवता जेवता थांबला. हेच तर त्याला कित्येक दिवस कळत होतं, फक्त मोठ्याने कुणी म्हटलं नव्हतं.

दोन दिवसांनी तो तंबूतून निघून रस्त्यापर्यंत आला आणि त्याचा हात खिशात गेला. तिची जादा बॅटरी त्याच्याकडेच राहिली होती. तिने कॅमेरा लावताना धरायला दिली होती. एकदा बाहेर पडल्यावर वळायचं नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. कॅमेऱ्यात एक बॅटरी होतीच, हेही माहीत होतं.

तो वळला.

वाकणावरून पुढे आला तेव्हा पाण्यात रोवलेल्या फांदीवर दोन्ही खंड्या बसले होते. एकाच्या चोचीत चांदीसारखं काही चमकत होतं. त्याचा पाय वाळक्या काटकीवर पडला. शिटी झाली... आणि फांदी रिकामी.

ती तंबूतून बाहेर आली. ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुमचं काम एकच होतं," ती म्हणाली.

त्याने बॅटरी पुढे केली. ती तिने घेतली नाही.

"ही तुम्हाला लागेल असं वाटलं, हे खरं आहे," तो म्हणाला. "आणि फोटो मिळाला की तुम्ही यायच्या बंद होणार, हेही डोक्यात होतं. पाय कशामुळे वळले ते मला सांगता येणार नाही. तुमच्याशी खोटं बोलायचं नाही, म्हणून दोन्ही सांगतो."

तिने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग बॅटरी घेतली. "उद्या येऊ नका."

तो गेला नाही. दूरच्या रस्त्याने कामाला जाऊ लागला. ताईने विचारलं नाही, फक्त ताटात एक पोळी जास्त वाढली.

मग एके दुपारी दातांच्या दवाखान्याच्या इमारतीतून तक्रार आली. लिफ्ट बंद. तो लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून काम करत होता. वरच्या उघड्या दारात चिखल लागलेल्या चपला येऊन थांबल्या.

"मी एकटी जाऊन बघितलं," वरून आवाज आला. "तो फिरकलाच नाही. पण मादी अजून काठातल्या बिळात अंडी घालायला बसलेली नाही. एखादी सकाळ उरली असेल. याल?"

त्याने मान वर केली. कपाळाला ग्रीस लागलेलं. "मी परत वळलो तर?"

"उद्या ती वेळ तुमच्यावर येणार नाही."

सकाळी दोघं तंबूपर्यंत गेले. आत शिरल्यावर तिने कॅमेरा लावला, त्याला बसायला सांगितलं आणि त्याचं बोट धरून एका बटणावर ठेवलं. "हे दाबायचं. आज मी जाते."

"मी? अहो, मला जमणार नाही –"

ती बाहेर पडली होती. पावलांचा आवाज लांब गेला आणि थांबला.

आत ओल्या कापडाचा वास होता. गुडघे दुखायला लागले. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना तो नेहमी सांगायचा, जरा धीर धरा. ते सांगणं किती सोपं असतं, हे त्याला तिथे कळलं. खूप वेळाने मादी येऊन फांदीवर बसली. तांबूस चोच. मग तो आला.

थोड्या वेळाने दोन्ही पक्षी उडाले, तेव्हा तो बाहेर आला. ती वाकणावरून येतच होती.

"मिळाला?"

"नाही." त्याने मान खाली घातली. "मासा दिला. मी बघतच राहिलो. बटण दाबायचं राहून गेलं."

आता ती काय म्हणेल याची तो वाट बघत राहिला. ती काठावरच्या गवतात बसली.

"सांगा. सगळं सांगा, सावकाश."

"माशाचं डोकं बाहेर होतं. ती आधी तोंड फिरवून बसली. तो तसाच थांबला. जवळ सरकला नाही, आणि गेलाही नाही. मग तिनं वळून घेतला." तो आठवत होता. "नंतर दोघं नुसतेच बसले. मला वाटलं आता उडतील... पण बराच वेळ बसले."

ती पाण्याकडे बघत होती.

"नवरा मला आत बसवून जायचा, तेव्हा माझं सगळं लक्ष फांदीकडे असायचं. जाताना त्याला कसं वाटत असेल, हे कधी मनातच आलं नाही. आज रस्त्यापर्यंत चालले तेव्हा कळलं."

"कसं वाटतं?"

"दोनदा थांबले मी. पहिल्यांदा त्याच्या आठवणीनं." तिने गवताची काडी तोडली. "दुसऱ्यांदा... आत तुम्ही होतात म्हणून."

तो तिच्या शेजारी बसला.

"तंबू आजच काढू," काही वेळाने ती म्हणाली. "आता त्यांना त्यांचं काम करू द्यावं."

"हो."

"दवाखाना संध्याकाळी सहाला सुटतो. मी चौथ्या मजल्यावर असते. लिफ्ट बंद असली की जिना उतरताना सोबत असलेली बरी."

"लिफ्ट तर मी कालच सुरू केली."

"मग बंद करा," ती म्हणाली, आणि तंबूचा पहिला खुंटा उपटायला खाली वाकली.