वाऱ्याचा धागा

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. सीताबाईंचं मत वेगळं होतं. त्या म्हणायच्या, घर पाहावं सोडून. बांधताना नुसता पैसा कळतो, सोडायला निघालं की कुठल्या खोलीत आपण किती जगलो ते कळतं.

भिवंडीजवळच्या अंजूरचं त्यांचं घर आठ खोल्यांचं. मुलगा मनोज नोकरीपायी नाशिकला. वापर दोन खोल्यांचा, केर मात्र आठही खोल्यांचा, आणि तो काढणार सीताबाईच. त्यांचे यजमान पंढरीकाका ओट्यावर बसून चिडवायचे, "आगो, त्या खोल्यांत ऱ्हातं कोन? रोज कनाला झाडतेस?"

"धूळ ऱ्हाते. तिला भाडं लावू का?"

पण हसण्यावारी नेण्याचे दिवस संपत आले होते. भोवतालच्या भातशेतीची गोदामं झाली. शेजारी एकेक करून जागा भाड्यानं देऊन कल्याण-ठाण्याला गेले. उरली एक ठकुबाई, तीही कानानं जड. आणि गेल्या पौषात पंढरीकाका मागच्या पडवीत घसरून पडले. सीताबाई बाजारात होत्या. दीड तास ते हाका मारत पडून होते, आणि बाहेर कंटेनर मागे घेणाऱ्याची शिट्टी चालली होती. हाड मोडलं नाही ही देवाची कृपा. त्या दिवशी सीताबाईंनी ठरवलं की आता घर घ्यायचं ते असं, जिथं हाक मारली तर भिंतीपलीकडून कुणीतरी ओ देईल. लहान चालेल, जुनं चालेल, आपल्याला झेपणारं असलं म्हणजे झालं. मनोज म्हणाला, इकडे या. पण पाव्हण्यासारखं किती दिवस राहायचं?

घरं दाखवायला मृणाली होती. पंढरीकाकांच्या चुलत भावाची ही मुलगी भिवंडीत तेच काम करायची. पंढरीकाकांना गुडघ्यांमुळे जिने चढवेनात.

"तूच बघ," ते म्हणाले. "तीस वर्सं अंगनवाडीसाठी लोकांची घरं फिरलीस, आता आपलं फिर. फकस्त वारा बघ."

वाऱ्याचं त्यांना वेड होतं. पस्तीस वर्षं त्यांनी लूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून काम केलं, बिघडलेले लूम दुरुस्त करायचं. खिशात कायम सुताचा धागा. अंजूरचं घर बांधताना त्यांनी प्रत्येक खिडकीच्या जागी धागा बांधला होता आणि तो कसा हलतो ते दिवसभर उभं राहून पाहिलं होतं. गवंड्यानं कपाळावर हात मारला, पण स्वयंपाकघराची खिडकी त्या धाग्यावरून सरकली. उजव्या तर्जनीचं टोक लूममध्ये गेल्यापासून ते गाठ डाव्या हातानं मारत. ती उलटी बसायची आणि एक शेपूट लांब राहायचं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून तसल्या गाठी काढता काढता सीताबाईंचं आयुष्य गेलं होतं.

पहिलं घर धामणकर नाक्याजवळ, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेलं. तळमजल्यावर लूम चालू होते आणि वर फरशी पायाखाली बारीक थरथरत होती. बेडरूमच्या खिडकीच्या गजाला पांढरा धागा बांधलेला दिसला. भिवंडीत धागा कुठं नसतो? केसांत असतो, चहात असतो. सीताबाईंनी फार लक्ष दिलं नाही.

घरी आल्या तेव्हा पंढरीकाका नुकते झोपेतून उठत होते.

"पाय भरून आलेत गो."

"झोपून?"

"काय म्हाईत." ते पाय चोळत बसले. मग म्हणाले, "त्या नाक्यावरच्या घरान वारा हाय, पन जमीन हालते."

"हो ना," सीताबाई म्हणाल्या आणि कोलंबी सोलत राहिल्या. चार कोलंब्या सोलून झाल्यावर त्यांचा हात थांबला. फरशीचं आपण यांना कधी सांगितलं? मग वाटलं, सांगितलं असेल. अडुसष्टाव्या वर्षी माणूस स्वतःला एवढी सूट देतोच.

दुसरं घर कोन गावात, कल्याण रस्त्यापासून थोडं आत. नवी इमारत, पुढं लाल मुरूम टाकलेला. वॉचमन उत्तरेकडचा, अदबशीर होता.

"चाचा तो देखके गये, माताजी. अभी आधा घंटा हुआ."

"कौनसे चाचा?"

"सफेद टोपी, एक उंगली आधी. पूछ रहे थे, अकेली औरत के लिए ठीक है क्या."

मृणाली खो खो हसली. "काकी, काका चोरून फिरतात वाटतं! गुडघे दुखतात म्हणे."

सीताबाई जिन्याकडे वळल्या. वर गेल्या त्या थेट खिडकीपाशी. गजाला धागा होता. गाठ उलटी, एक शेपूट लांब. त्यांनी ती नखानं सोडवली आणि धागा पदराच्या टोकाला बांधून टाकला.

घरी ठकुबाई पंढरीकाकांच्या उशाशी वाल सोलत बसली होती. सीताबाईंनी दोनदा ओरडून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "हा कुठं जातो? दहापासना घोरतोय तुझा म्हातारा. मी जागची हालले न्हाय."

पंढरीकाका शांत झोपले होते. घोटे सुजलेले. चपला दारात कोरड्या पडल्या होत्या. टाचांच्या भेगांत मात्र लाल मुरूम भरला होता. सीताबाईंनी ओलं फडकं आणून त्यांचे पाय पुसले, फडकं स्वतःच धुतलं, आणि हे कुणाला सांगितलं नाही.

एकटी बाई. या घरात एकटी होऊ शकेल अशी बाई एकच होती.

तीस वर्षं वजनकाट्याच्या आणि लसीच्या तारखांच्या भरवशावर काढलेली ही बाई. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या आयांना तिनं किती वेळा गप्प केलं होतं. तिनंच आता मनाशी एक खूळ धरलं. आपला माणूस आपल्या मागं बायको कुठं राहील ते बघून ठेवतोय. घर मिळालं की तो निघणार. मग घर मिळूच द्यायचं नाही!

त्यानंतर चार घरं झाली. एकाचं स्वयंपाकघर काळोखी, एकाचा जिना अरुंद, एकात म्हणे पाली फार. चौथ्याला तर काहीच नाव ठेवता येईना, तेव्हा सीताबाई म्हणाल्या, "रंग आवडला नाही." मृणालीनं हात जोडले. चारही ठिकाणी खिडकीला धागा होता आणि चारही ठिकाणी त्यांनी तो सोडवून आणला. पदराची गाठ फुगत चालली.

इकडे पंढरीकाका झिजत चालले. चेहरा ओढला, सूज पोटऱ्यांपर्यंत चढली. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही. "आराम करा," म्हणाले.

"आरामच तर करतोय," पंढरीकाका म्हणाले. "तरी दमायला व्हतं."

एक दिवस सीताबाई घर बघायला गेल्याच नाहीत. सकाळी अकराला ते झोपले तेव्हा त्या खाटेशी बसून राहिल्या.

थोड्या वेळानं चादर हलली. पंढरीकाकांचे पाय हलत होते. एक वर, मग दुसरा वर. जिना चढणाऱ्या माणसासारखे. गुडघा वाकला की झोपेतही चेहऱ्यावर कळ उमटत होती. ओठ पुटपुटत होते. सीताबाई वाकल्या.

"...सोळा. सतरा. अठरा."

मग पाय थांबले. श्वास दमलेला. परत एक वर, दुसरा वर.

त्यांनी दोन्ही हातांनी पाय धरले. पाय थांबले नाहीत. तळवे गरम लागत होते, उन्हात चालून आलेल्या माणसाचे असतात तसे. सीताबाईंना रडू फुटलं. आपण धागे सोडवत होतो आणि हा पुन्हा पुन्हा चालत होता. सत्तरी ओलांडलेला, गुडघे गेलेला आपला माणूस आपणच असा वणवण फिरवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मृणालीला फोन केला.

भाजीबाजारामागच्या गल्लीत एक जुनी दुमजली इमारत होती. खाली शिंप्याचं दुकान, समोर औषधांचं. मृणाली चावी आणायला थांबली आणि सीताबाई एकट्याच पुढं झाल्या. जिना चढताना त्यांनी पायऱ्या मोजल्या.

अठरा.

समोरचं दार उघडं होतं. दारात तिशीची एक मुलगी उभी होती, अंगावर गोदामातल्या पॅकिंगच्या कामाचा निळा कोट.

"तुम्ही सीताबाई मावशी ना? मी स्नेहा. काका आत्ताच गेले, तुम्हाला जिन्यात भेटले असतील."

जिन्यात कुणी नव्हतं. स्नेहाच्या उंबऱ्याशी स्टीलचा पेला होता, तळाशी घोटभर पाणी.

"काय म्हणाले?" सीताबाईंनी विचारलं.

"लय बोलले. आम्ही जव्हारकडचे, तर आमच्या पाड्याची, भाताची चौकशी केली. माझा नवरा बाबू कुठं कामाला ते विचारलं." स्नेहा जरा लाजली. "मग म्हणाले, दिवे लागले की एकदा तिला हाक मारशील का? ती हां म्हणते. हां आलं न्हाय तर दार उघड. आणि सांगितलं, दुसरा चहा ती मागत न्हाय, विचारावा लागतो."

सीताबाई भिंतीला टेकल्या. सेहेचाळीस वर्षांत आपण दुसरा चहा कधी मागितला नाही, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

मृणालीनं दार उघडलं. दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर. खिडकीत धागा होता आणि तो एकसारखा हलत होता. सीताबाईंनी हात वर नेला. शेपटाला नुसता लावला आणि खाली घेतला.

"हेच घर," त्या म्हणाल्या.

अंजूरला परतल्या तेव्हा पंढरीकाकांचे पाय चादरीखाली निवांत पडले होते. सीताबाईंनी नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. तेवढ्यात ते डोळे उघडून म्हणाले, "काय करतेस गो? लय दिसान पाय हलके झाले. चाय टाक."

नव्या घरात दूध उतू गेलं, देव मांडले. सीताबाई रोज पहाटे उठून आधी त्यांचा श्वास बघायच्या. आठ दिवस गेले, महिना गेला, दुसरा गेला. आणि पंढरीकाका सुधारायला लागले! सूज उतरली. काठी घेऊन अठरा पायऱ्या उतरून स्वतः भाजी आणू लागले, भाजीवाल्याशी हिंदीत भांडू लागले. दुपारभर खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. दिवे लागले की समोरून दारावर टकटक व्हायची.

"मावशी?"

"हां," सीताबाई म्हणायच्या.

आपल्या खुळाचं त्यांना आता हसू यायचं. पदरातले धागे त्यांनी देव्हाऱ्यामागे ठेवून दिले. एकदा पंढरीकाका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माज्या मागारी तू हितं नीट ऱ्हाशील ना गो?"

"तुमी कुठं चाललाव?" त्या म्हणाल्या आणि स्वतःसाठी दुसरा चहा ओतला. आता तो त्या कुणी न विचारता घ्यायच्या.

चैत्रातली गोष्ट. जेवणानंतर सीताबाई जरा आडव्या झाल्या. दुपारी झोपायची त्यांना सवय नव्हती, पण हल्ली डोळा लागायचा. जाग आली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. उठायला गेल्या तर पोटऱ्या भरून आलेल्या.

दारावर टकटक झाली.

"काका?" स्नेहाचा आवाज.

खिडकीपाशी पंढरीकाका दचकले. मग म्हणाले, "हां."

सीताबाई सावकाश दाराशी गेल्या आणि बाहेर येऊन दार मागं ओढून घेतलं.

"आज काकांना का गं हाक?"

"तुम्हीच तर मघाशी येऊन सांगितलंत, मावशी. आजपासून काकांना हाक मार म्हणून." स्नेहानं त्यांच्याकडं जरा निरखून पाहिलं. "किती दमला होतात. पेलाभर पाणी एका घोटात प्यायलात."

तिच्या उंबऱ्याशी स्टीलचा पेला होता. आतून पंढरीकाका विचारत होते, "आगो, कोन हाय?"

सीताबाईंनी दाराची कडी घट्ट धरली. मग आवाज खाली करून विचारलं, "त्यांना चहा बिनसाखरेचा लागतो. ते सांगितलं का मी?"

"सांगितलंत की," स्नेहा म्हणाली.