पश्चात्तापातला दुसरा त

मी बडबड खूप करते, मान्य आहे. पण खोटं बोलत नाही.

हे माझ्याबरोबर घडलंय. डिसेंबर २००४. महाळुंगे पडवळजवळची आमची शाळा. आणि रात्र नव्हती बरं का... शनिवारची दुपार. लख्ख ऊन!

आधी उज्ज्वलाचं सांगते.

ती डोंगराकडची. मामाकडे राहून आमच्या नववीत शिकायची. बोलणं कमी, अक्षर मात्र लई सुंदर. वर्गातल्या फळ्यावर रोजचा सुविचार तीच लिहायची.

एका सोमवारी तिने लिहिलं, ‘पश्चातापाने मन हलके होते.’

मी नुकतीच तालुक्यात वक्तृत्वात पहिली आले होते. हवेतच होते! ओरडलेच, "सर, हिने एक त खाल्ला!"

वर्ग हसला.

सरांनी मलाच शब्द फोडायला सांगितला. मी ऐटीत उभी राहिले. "पश्चात् म्हणजे नंतर. ताप म्हणजे पोळणं. नंतर पोळतं, तो पश्चात्ताप. म्हणून दोन त."

"मंग गोळी घ्यायची की!" मागून पप्पू म्हणाला. परत हशा.

आणि मग मीच म्हणाले...

"सर, शंभर वेळा लिहायला लावा हिला."

"बरं. लिहून आण गं उज्ज्वला. अन् अक्षदाकडून तपासून घे," सर म्हणाले.

अक्षदा म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वला आली नाही. ताप होता म्हणे.

आई रोज मागे लागायची, "अगं, जाऊन ये की. दोन घरं सोडून तर हाय तिचा मामा."

"जाईन गं. तापच आहे, उतरेल."

नाही उतरला.

नवव्या दिवशी ती गेली.

सुविचाराचं काम माझ्याकडे आलं. त्या शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि सोमवारचा सुविचार लिहायला मी एकटीच थांबले. शिपाई कुंडलिकमामा खाली टाकीपाशी होते. बाकी शाळा रिकामी...

ओल्या फडक्याने फळा पुसला. खडू घ्यायला कपाटाकडे वळले.

पाठीमागे... कर्र... कर्र...

मी वळले.

‘पश्चात्ताप.’

तेच गोल अक्षर. दोन्ही त.

"पप्प्या, बाहेर ये! मार खाशील हां!"

कोणीच नाही.

...आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याखाली तोच शब्द पुन्हा उमटू लागला. हात नाही. खडू नाही. नुसती अक्षरं. एकाखाली एक. बाहेरची पाखरं, ट्रॅक्टर, मामांची बादली... सगळे आवाज बंद झाले होते. फक्त कर्र, कर्र.

फळा खालपर्यंत भरला.

मग माझ्या डाव्या दंडाला धग लागली. तापाने फणफणलेलं माणूस अगदी खेटून उभं राहावं, तशी...

आणि अगदी हळू...

"अक्षदा... तपासती का गं?"

एकातही चूक नव्हती. मला दिसत होतं ते. एकच शब्द बोलायचा होता, ‘बरोबर’. भरल्या सभेत घडाघडा बोलणारी मी...

तोंडच उघडेना.

मी पळाले.

कुंडलिकमामांना घेऊन परत आले तर फळा कोरा. मी आत्ताच ओल्या फडक्याने पुसलेला तो फळा ठणठणीत कोरडा होता... आणि गरम.

"ऊन लागलं पोरी तुला," मामा म्हणाले. वर्गात ऊन येतच नाही.

त्यानंतर तीन शनिवार मी मुद्दाम मागे थांबले. रिकाम्या वर्गात उभी राहून मोठ्याने म्हणाले, "बरोबर आहे गं. सगळे बरोबर आहेत."

कोणी काही विचारलं नाही.

मग ती आता कुणाला विचारत असेल?

तुम्हाला कधी, कुठल्या रिकाम्या खोलीत, कुणी हळूच विचारलं... तर पळू नका.

बरोबर म्हणा तिला. प्लीज.